प्रश्न क्रमांक एकोणचाळीस

तोर्सहाव्नच्या बंदराला लागून असलेल्या खोलीत
आम्ही तेरा जण.
थांबलेल्या हृदयाबद्दल पुढची दहा वर्षं
काय शोधायचं, ते ठरवायला बसलेले.
इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे.

भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या, अडतीस.
दाब किती खोल? की छातीगणिक वेगळा?
अ‍ॅड्रेनलिन कधी, किती, आणि मुळात का?
मेंदू थंड ठेवावा का, ठेवला तर किती वेळ?
शॉकचं यंत्र ड्रोनने पोचेल का?
"धुक्यात?" हेर्गेइर म्हणाला,
आणि सगळे खिडकीकडे बघून हसले.
खिडकीत समोरचं बेट नव्हतं. सकाळी होतं.

मग मतदान. प्रत्येकाला पाच लाल ठिपके.
डॉक्टरांनी भराभर चिकटवले,
मासळी साफ करून झाल्यासारखे हात झटकले.
मार्युनचे पाचही ठिपके तिच्या बोटांवरच,
नखागणिक एक.

मार्युन 'रुग्णांतर्फे' आलेली. यादीत तसंच लिहिलंय.
तिचा रुग्ण उरला नाही, ते लिहिलेलं नाही.
उत्तरेच्या बेटावर, मेंढ्यांच्या गोठ्यात
एकावन्न मिनिटं तिने तुम्मासची छाती दाबली.
उपड्या बादलीवर फोन,
फोनमधून एक बाई मोजत होती: एक, दोन, तीन, चार.
हेलिकॉप्टरचा आवाज आला, वर घुटमळला, गेला.
बाई मोजत राहिली.

"सुरुवात कशी करायची," मार्युन म्हणाली,
"ते तुमच्या चिठ्ठ्यांवर आहे.
थांबायचं कसं, ते नाही.
तिसाव्या मिनिटाला मला कळलं होतं.
पण हात ऐकेनात,
आणि थांब म्हणायची परवानगी मोजणारीला नव्हती.
जिना चढताना मी अजून मोजते."

रूनी आमचा संख्याशास्त्रज्ञ. वाईट माणूस नाही.
म्हणाला, "पण परिणाम काय धरायचा?
जगला, नाही जगला,
आपल्याकडे रकाने दोनच."
"मग मला कुठल्या रकान्यात टाकलंत?"

रूनीने पेनाचं टोपण लावलं. काढलं. परत लावलं.
किटली उकळून आपोआप बंद झाली.

चिठ्ठी सुन्वाने लिहिली,
आपत्कालीन फोनकक्षाची, सकाळपासून गप्प.
हेर्गेइरने ड्रोनवरचा एक ठिपका
नखाने सोलून इकडे आणला.
मग आणखी कुणी. मग रूनी, दोन.
मार्युनने आपली पाचही बोटं भिंतीवर टेकवली.

ठिपके मोजायला सुन्वाच उभी होती.
एक, दोन, तीन, चार...
मार्युनने मान वर केली.
पाच म्हणायला सुन्वाला फार वेळ लागला.

इतिवृत्तात मी लिहिलं:
प्रश्न ३९. मतं चौदा. प्राधान्यक्रम तिसरा.
निधी ठरायचा आहे.
त्या दोघी कॉफी न घेता, कोट न घालता
धक्क्यावर निघून गेल्या,
ते कुठल्याच मुद्द्याखाली बसेना.
समासात एवढंच: धुक्यामुळे संध्याकाळची बोट रद्द.