हेडेमोरा, मांजरी बुद्रुक

लेनार्टसाहेब, तुम्ही जाताना
गाडीची चावी कंपनीला दिली
आणि कोंबड्या मला.
पाच माद्या, एक नर, एक निळं रजिस्टर.
विमानतळाच्या वाटेवर आरशात बघून म्हणालात,
"लहू, अंडी खा. पण लिहायला विसरू नको."

काळ्या, निळसर झाक असलेल्या,
अंगावर पिसांऐवजी लोकर.
कौसल्या कुंपणाशी उभी राहून म्हणाली,
ही कोंबडी मेंढीच्या पोटची की मेंढी अंड्यातली?
तुम्ही नराला उल्फ म्हणायचा.
आमच्याकडे आठवड्यात त्याचा उल्हास झाला.

उल्हास पहाटे चारला आरवायचा.
उसाच्या जागी उठलेल्या चौदा मजल्यांत
कोणाचंसं बाळ उठायचं, मग सगळी इमारत.
मी त्याच्यावर डालगं टाकलं, वर पोतं,
वर कौसल्याची जुनी गोधडी.
म्हण खरी निघाली, साहेब.
तांबडं फुटलं. नोटीसही आली.

दुसऱ्या वर्षी घोळ कळला.
सगळ्या तलंगा उल्हासच्याच पोरी.
आमच्यात मामाची मुलगी चालते,
पण बाप तो बाप.
कोंबड्यांना गोत नसतं, रजिस्टर असतं,
म्हणून दोन कोंबडे आणि तीन माद्या
टेम्पोत घालून सासवडला बहिणीकडे पोचवल्या,
की तिकडे एक घराणं वेगळं वाढावं,
आणि चार पिढ्यांनी सोयरीक व्हावी.
बहीण म्हणाली, माझ्या लग्नात
एवढी चौकशी कोणी केली नव्हती.

रात्री अंडी टॉर्चवर धरतो.
सातव्या दिवशी आत लाल कोळी दिसतो,
मधला ठिपका हलतो.
काहींत नवव्या दिवशी हलायचा थांबतो.
त्या अंड्यापुढे मी फुली मारतो
आणि थोडा वेळ टॉर्च विझवत नाही.
का, ते विचारू नका.

वीज गेली की मशीन गार.
तेव्हा शेजारच्या खुडूक गावठीखाली नऊ अंडी सरकवली.
तिनं एक डोळा उघडला, मला टोचलं,
आणि परदेशी का देशी न विचारता
सगळी पोटाखाली ओढून घेतली.

पण एप्रिल, साहेब.
एप्रिल मी तुम्हाला पत्रात नीट लिहिलाच नाही.
ओली पोती, पंखा, कांद्याच्या फोडी, ताकाचं पाणी.
मासळीवाल्या सलमाकडून बर्फाची लादी आणली,
वाटलं, बर्फ बघून यांना काहीतरी आठवेल.
एकीनं चोच मारली, पाय घसरला,
आणि ती माझ्याकडे रागानं बघत निघून गेली.
तिनं काय, तिच्या आजीनंही बर्फ पाहिला नव्हता.
अंगाला मात्र पाठ होता.
चोची उघड्या, पंख काखेतून उचललेले,
न पाहिलेल्या थंडीची लोकर पांघरून
त्या मांजरीच्या उन्हात उभ्या होत्या.

एका दुपारी चार गेल्या.
पाचवा उल्हास.
चिंचेखाली पुरला. त्या पहाटे
चौदा मजले गाढ झोपले,
मी चारलाच उठून बसलो.

आता खरं सांगायचं ते.
कडी नंबर एकसष्ट, खुडूकखालची तलंग.
काळी, निळी झाक, तुरा सावळा, सगळं तुमचं.
पण पिसं गुळगुळीत, पातळ,
आमच्या गल्लीतल्या कुठल्याही कोंबडीसारखी.
त्या दुपारी बाकीच्या धापा टाकत होत्या
तेव्हा ही चिंचेखाली माती उकरत होती.

तुमच्या रजिस्टरात शेवटचा रकाना "दोष".
अक्षर तुमचं, खालच्या ओळी माझ्या.
वाकडी शेंडी, विकली. पाय अधू, विकली.
तुमचा नियम मला पाठ आहे:
लोकर नसेल त्याची पैदास नाही.
तीन रात्री रजिस्टर उघडं ठेवून बसलो.
कौसल्या म्हणाली, पत्रानं विचारा साहेबांना.
पत्र तिकडे पोचेपर्यंत
मे महिना इकडे पोचतो.

चौथ्या रात्री पेनला रेघा ओढून शाई आणली,
आणि लिहिलं:
एकसष्ट. लोकर कमी.
ठेवली.