तूट

बाबांच्या वहीत एक रकाना असायचा : तूट.
खारेवाड्याला, बर्फाच्या कारखान्यात,
पहाटे साडेतीनला लाद्या मोजून गाड्यावर चढवायच्या,
धक्क्यावर ट्रॉलरच्या पोटात सोडताना पुन्हा मोजायच्या.
मधल्या दोनशे पावलांत
जे पाणी होऊन रस्त्याला लागलं ते तूट.
मालक क्लेमेन्त त्यावरून कधी भांडला नाही.
‘हवेचा वाटा तो, लिही,’ म्हणायचा.

मी त्याच वास्कोत, पण वर, सड्यावर कामाला.
खिडकीत बंदराच्या क्रेन, जांभ्याची लाल धूळ,
आणि पडद्यावर दक्षिणेची महिनोन्‌महिने न उजाडणारी रात्र.
उपग्रहाला अंधारातही दिसतं.

एक भेग मी सहा वर्षं सांभाळली.
म्हणजे नुसती बघितली.
बर्फावर बर्फ पडून, दाबून, दगडासारखा झालेला बर्फ
जमिनीवरून घसरत येतो
आणि समुद्रावर सज्जासारखा पुढे निघतो.
भरती त्याला खालून उचलते, ओहोटी परत ठेवते,
रोज, न चुकता,
आणि कुठेतरी एक केस उमटतो.

तो सुटला त्या गुरुवारी मी उंडो मोडत होते.
आवाज नाही. पडद्याला कान नसतात.
अख्खा बारदेश मावेल, वर तिसवाडीतली दोन-चार गावं,
एवढा तुकडा
काठापासून नखभर लांब दिसला.
पुस्तकात याला विणं म्हणतात, गाय वितो तसं.
मी तुटणंच म्हणते.

त्याला नाव नाही. एक अक्षर, एक आकडा.
आधी किनारा धरून पश्चिमेला गेला,
मग तळाला टेकला आणि दोन हिवाळे हललाच नाही,
भाडेकरू अडून बसावा तसा.
वारा त्याला एक सांगायचा, प्रवाह दुसरं;
नऊ हिस्से पाण्याखाली असलेल्यानं
कुणाचं ऐकायचं ते ठरलेलंच असतं.

त्याचं चित्र छापून मी घरी नेलं.
बाबांनी चष्मा शोधला, मग म्हणाले,
‘आतून पांढरा आहे काय?’
त्यांच्या कारखान्यात लादीच्या पोटात पांढरं दिसलं
की गिऱ्हाईक नाक मुरडायचं :
हवा राहिली आत, काम कच्चं.
मी सांगितलं, आम्ही त्या हवेसाठीच जीव टाकतो.
उणे वीसच्या खोलीत, कानटोपी घालून,
हजारो वर्षांपूर्वी कोंडलेला एकेक बुडबुडा मोजतो.
पेल्यात टाकला तर तडतडतो.
बाबा बराच वेळ हसले.
‘म्हणजे आमचा डाग, तो तुमचा माल.’

मग तो उत्तरेला लागला.
ऊन असलेल्या समुद्रात.
पाठीवर निळी तळी साठली,
तळ्यांचं पाणी भेगांत उतरलं,
खालून लाटांनी कमरेत खाच पाडली,
कडे एकामागून एक बसले.
एका सकाळी दोन झाले. पुढच्या आठवड्यात मोजणं सोडलं.
एक तुकडा कलंडला, पोट वर करून,
काचेसारखं हिरवं पोट, जे कुणीच पाहिलं नव्हतं.
वाटेत त्याच्यातली खडकाची पूड सांडत गेली
आणि मागे समुद्र हिरवा होत गेला,
जणू कुणी शेत पेरत निघालंय.
मग धुकं. मग काहीच नाही.

ठरल्या मापाहून लहान झाला की यादीतून काढतात.
कारण लिहायला जागा नसते.
मी माझ्या वहीत लिहिलं : तूट.

बाबांनी नेहमीचं विचारलं, किती?
म्हटलं, सगळा.
त्यांनी थंडीनं सुन्न झालेली ती दोन बोटं चोळली,
पंचवीस वर्षं झाली, अजून चोळतात.
‘सगळी तूट कधी नसते गो.
वाटेत चार बांगडे तरी
थंड झाले असतील.’