जर्दाळू वाळवायचं यंत्र

"चोपन्न अंशांच्या वर नेऊ नकोस," शुशानिक बजावते,
"जर्दाळूला चालतं, फितीला नाही."
अरागात्सच्या उतारावर, तिच्या स्वयंपाकघरात
फळं वाळवायचं यंत्र सकाळपासून घुमतंय
आणि जाळीच्या ताटांत, फोडींच्या जागी,
अठ्ठ्याहत्तर सालातला कुठला तरी महिना.

ओल पिऊन फिती चिकटल्यात.
तशाच चालवल्या तर वाचनयंत्राच्या तोंडाला
तपकिरी साय धरते,
आणि ती साय म्हणजेच आकडे.
पुसलं की गेलं.

तो उपग्रह धूळ मोजायचा. एवढंच काम.
अंगावर कण आपटला की एक टिंब,
नाही आपटला तर गप्प.
दिवसातून चारदा डोंगरामागून वर यायचा,
अकरा मिनिटं बोलायचा, मावळायचा.
नाव विचारलं तर शुशानिक म्हणते, "नंबर होता.
आम्ही पोरगा म्हणायचो."

दोनशे चौदा रिळं लाकडी खोक्यांत होती,
खोक्यांवर तारखा, सुबक अक्षरात.
ब्याण्णवच्या हिवाळ्यात वीज गेली, गॅस गेला.
लोकांनी बाकं जाळली, दारं जाळली,
बापानं लावलेले अक्रोड तोडून जाळले.
मुशेघ, स्टेशनचा रखवालदार,
रोज एक खोकं फोडायचा चुलीसाठी.
रिळं मात्र बाहेर काढून, कोटाच्या बाहीनं पुसून
भिंतीशी रचायचा.
"तीही जळली असती की," मी म्हणतो.
"घाण वास येतो म्हणायचा."
मग थांबून, चष्मा काढून,
"जुने बूट जाळलेच होते त्यानं.
त्यांना काय अत्तराचा वास येतो?"

तर रिळं राहिली, तारखा उबेला गेल्या.
आधीचं कुठलं, मागचं कुठलं, कुणाला माहीत?
तीन मेलेल्या यंत्रांतून आम्ही एक उठवलंय,
त्याचा पट्टा शिलाई मशीनचा.
ते कुरकुरत वाचतं, मी पडद्यावर टिंबं बघतो,
धूळ, धूळ, धूळ, कोणत्या दिवसाची
ते न सांगणारी.

एकशे साठाव्या रिळात मध्येच खरखर.
सात मिनिटं नुसती खरखर, मग पुन्हा टिंबं.
स्टेशनच्या वहीत अशी एकच नोंद सापडते:
अठ्ठावीस मार्च, पहाटे, उपग्रहात बिघाड.
मी आनंदानं ओरडतो. एक खुंटी मिळाली!
आता इथून पुढं मोजू, इथून मागं मोजू.
रकान्यात लिहितो: उपग्रहात बिघाड.

"खोड ते."
"वहीत तसंच आहे."
"वही माझीच आहे."

अँटेना तेव्हा हातानं वळवावी लागे,
एक चाक, थंडगार, दोन्ही हातांनी.
तिसरी पाळी सलग. ती सव्वीस वर्षांची.
चाकावर डोकं टेकलं, फक्त टेकलं,
आणि पोरगा बोलत बोलत पुढं निघून गेला.
फीत फिरत राहिली, रिकामं आभाळ नोंदत.
"बिघाडावर मॉस्कोत बैठक झाली म्हणे.
कुणाची तरी बदली झाली. कुणाची,
ते मी विचारलं नाही."

ती रडत नाही. चिमट्यानं ताट बाहेर ओढते,
रिळाला बोट लावून ऊब बघते,
दुसरं आत सरकवते.
"लिही," म्हणते, "नीट लिही. पुढं कुणीतरी
त्या सात मिनिटांवर शहाणपणा काढेल."

मी लिहितो: उपग्रह ठीक होता.
ऐकणारी झोपली होती.
तिचं नाव घालू का, विचारतो.
"पूर्ण घाल. आडनावासकट."

रात्री कापसानं यंत्राचं तोंड पुसतो.
बोळ्यावर तपकिरी डाग, नखाएवढा.
असेल एखादा मिनिट, असतील पाचपन्नास कण,
कुठल्या धूमकेतूचे, कुणास ठाऊक.
टोपलीपाशी जाऊन परत येतो.
पाकिटात घालतो बोळा,
आणि वर, कोपऱ्यात, तारीख टाकतो.