उतरणारे पुढे या

गुरुवारी संध्याकाळी, चर्चच्या शाळेच्या हॉलात
सगळ्यांच्या जिभा सुटल्या.
पोदेर बोश्त्यांव डोळे मिटून
अशी भाषा बोलत होता
जिचा पाव कुणी कधी भाजला नव्हता.
व्याकरण शिकवणारी एर्मेलिंदा टीचर
कर्ता नाही, कर्म नाही,
भडाभडा बोलत होती, रडत होती.

माझी टाळूला चिकटलेली.
तोंड उघडलं तर आलं काय :
नावेली, धर्मापूर, सिर्ली, चिंचोणे, असोळणा,
उतरणारे पुढे या.
मागच्या बाकावरची पोरं फिसकन हसली.

सव्वीस वर्षं बसच्या दारात लोंबकळत
हेच म्हणतोय मी
आणि दोन थांब्यांच्या मधे शिव्या.
आज सकाळीच सांतान म्हाताऱ्याला,
पाच रुपये सुटे नव्हते म्हणून,
त्याच्या मेलेल्या आईसकट काय नाही बोललो.
रविवारी ह्याच जिभेवर
पवित्र भाकर घेतो,
दाताला लागू नये म्हणून केवढं जपतो.

शुक्रवारी पहिल्या फेरीला
तो असोळण्याच्या क्रुसापाशी उभा.
मूठ आधीच पुढे केलेली,
आत मोजून आणलेली, घामेजलेली नाणी.
बरंच काही म्हणायचं ठरवून आलो होतो.
"सावकाश चढ रे पाय,"
एवढंच निघालं, "बस थांबलीय."
तो माझ्याकडे बघत राहिला
जणू मी कुठल्या परक्या मुलखातलं बोललो.

पुढे पुलावर एक स्कूटरवाला आडवा आला.
ओठांवर आलेलं गिळलं मी.
अर्धंच गिळता आलं.