फळीच्या पोटावर

म्यूझनबर्गला माझं दुकान आहे.
दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन घोड्या
आणि रेझिनचा वास, जो मला आता येत नाही,
बायकोला येतो.
मोडक्या सर्फबोर्डांची हाडं मी बसवतो.

ताश्नीम मोडकीच मागते,
नाक गेलेली, कणा गेलेली, फुकटात.
म्हणते, वर नाही, पोटावर रंगवणार.
वर मेण लागतं, वर पाय असतात.
मी म्हटलं, मग बघणार कोण?
म्हणाली, जो पडेल तो.

आधी गीलबेक काढला, मग कॉब,
मग रेड स्टीनब्रास,
सहा फुटी फळीवर नाकापासून शेपटापर्यंत.
वाटलं, कलाकार माणूस, वाढवून सांगणारच.

बूटा ताइप चहाला टेकले होते,
कॉक बेच्या होड्यांवर जन्म गेलेला.
ते उठले, चपला काढल्या,
सिमेंटवर फळीशेजारी आडवे झाले
आणि छपराकडे बघत म्हणाले,
चार बोटं कमी काढलास, पोरी.

मग रंगावर आले.
तांबडा तो मेल्यावर होतो.
दोर हातात जड असतो, अंगावर अजून पाणी असतं,
तेव्हा तो पितळेचा.
घासलेल्या नव्हे, वापरातल्या.

शेवटचा कधी लागला?
शेवटचा आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं.

आणि डोळा?
बूटांनी कप तोंडाला लावला.
तो केव्हाच रिकामा होता.
डोळ्याकडे आम्ही बघायचो नाही, म्हणाले.

रेझिनमध्ये हार्डनर पडला
की पंधरा मिनिटं हातात असतात,
नंतर सगळी काच.
फळी घोडीवर पालथी.
मासा पितळी,
शेपूट चार बोटं कडेवरून वळून पलीकडे गेलेलं,
आणि डोळ्याच्या जागी
नाण्याएवढी कोरी पांढरी फळी.
ताश्नीमच्या हातात ब्रश.
मी बादली ढवळत राहिलो.
नऊ मिनिटं. सात.
ओत, दारातून बूटा म्हणाले.
ओतलं.

रविवारी कुणाचातरी पोरगा ती फळी घेऊन गेला,
तिसऱ्या लाटेवर पडला,
खोकत, नाक पुसत माझ्याकडे आला.
काका, खाली कुणीतरी होतं.

मी फळी उलटी केली.
एक फिन सैल झाली होती.
तेवढी आवळून दिली.