षष्ठी

तिबिलिसीत त्या हिवाळ्यात वीज नव्हती.
संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावर
रॉकेलच्या स्टोव्हवर बोटं शेकत
त्सिआला गोगलगाई उघडायची.

शंखावरून कळत नाही, ती म्हणते.
शंख म्हणजे डगला,
दोन शेजारणींनी एकाच दुकानातून घेतलेला.
खरं काय ते आत,
तांदळाच्या कणीएवढ्या जननेंद्रियाच्या
एका वळणात.

आपण म्हणतो, गोगलगाय नि पोटात पाय,
आणि समोरच्यावर डोळा ठेवतो.
शास्त्रानं तेच ग्रीकमध्ये म्हटलं
आणि त्याचा एक अख्खा वर्ग झाला,
हजारो जातींचा, सगळ्यांचे पाय पोटाशी.

खाली दाराशी शाक्रो, रखवालदार.
शहर पावाच्या रांगेत रात्र काढत होतं,
आणि वर बरण्यांत स्पिरिट आहे
हे शहराला ठाऊक होतं.
दोनदा त्यानं चोर परतवले.
एकदा स्वतःला परतवता आलं नाही.
सकाळी टोपी हातात धरून उभा राहिला:
एकशे बारा नंबरची. तीन घोट.
चव वाईट होती, बाई.

मग गेला तो चौथ्या दिवशी उगवला,
काखेतीमधल्या भावाकडून,
काखोटीला लोणच्याची बरणी.
चाचा. म्हणजे काका नव्हे,
द्राक्षांच्या चोथ्याची घरगुती दारू,
नाकातून मेंदूत जाणारी.
एकशे बारा काठोकाठ भरली.
बाकीच्या बरण्यांना, स्पिरिट संपल्यावर,
फॉर्मॅलिनवर भागवावं लागलं.

त्याच बरणीत तिला ते वळण सापडलं,
कुठल्याच पुस्तकात नसलेलं.
तिनं नाव ठेवलं: शाक्रोई.
शेवटी एक ई लावली की
लॅटिनमध्ये षष्ठी होते. शाक्रोची.
चा, ची, चे, शाळेत घोकलेलं.
मालकी नाही त्यात.
कुणाची तरी असणं, एवढंच.

शाक्रो म्हणाला, गोगलगाय?
अस्वलं संपली का?
पण छापलेलं पान घडी घालून
गणवेशाच्या आतल्या खिशात ठेवलं.

अठ्ठावीस वर्षांनी यंत्र आलं,
पेशीतला धागा वाचणारं.
फॉर्मॅलिनमधल्यांचे धागे तुटलेले,
अक्षर लागेना.
एकच बरणी स्पष्ट बोलली. एकशे बारा.
चाचानं तिला राखलं होतं,
आणि ती म्हणाली, मी नवी नाही.

अठराशे सत्तेचाळीसमध्ये
एका औषधविक्यानं
टपालानं आलेल्या रिकाम्या शंखाकडे बघून
चार ओळींत तिचं बारसं उरकलं होतं.
वळण होतं ते फक्त वयाचं,
कोवळ्या गोगलगाईचं.
नियम साधा आहे: आधीचं नाव खरं.

लादो, तिचा मदतनीस, म्हणाला
राहू द्या ना, कोण बघतंय.
तिनं निबंध स्वतः लिहिला,
एका रात्रीत, चष्मा दोनदा पुसून.

आता शाक्रोई
जुन्या नावाखाली, एक पायरी आत सरकवलेलं,
बारीक टायपात, समनाम म्हणून.
वर्षासकट, तिच्या आडनावासकट.
चुकीचं नावही इथे पुसत नाहीत.
बरणीतली जुनी चिठ्ठीही काढत नाहीत.
नवी तिच्या शेजारी सोडतात,
पेन्सिलीनं लिहिलेली;
शाई दारूत विरघळते.

सांगायला ती शाक्रोकडे गेली.
त्याला आता एका कानानं ऐकू येतं.
त्या कानाशी वाकून तिनं सगळं सांगितलं,
औषधविक्या, टपाल, नियम.

बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग विचारलं, त्यानं तिला जिवंत पाहिली होती?
नाही, शाक्रो. नुसता शंख.
हूं, तो म्हणाला.
त्यानं तिच्या बरणीतलं प्यायलं नव्हतं ना.
आणि फडताळाकडे बोट केलं,
दोन पेले काढ म्हणून.