एक फिंजान तांदूळ

विनया लेकीला घेऊन गावी गेली त्या जूनमध्ये
माझ्या हाताला कुणी काही कळवलं नव्हतं.
तो आपला डब्यात जाई,
तिघांचे तांदूळ घेऊन येई.
आणि रात्री, सोहारच्या त्या तव्यासारख्या हवेत,
मी भाताची पिशवी धरून जिना उतरे.
कचरापेटीपाशी मांजरं.
आमटी कालवलेला भात त्यांनी हुंगला,
मग माझ्याकडे पाहिलं.

फिंजानाचं सांगतो.
बंदरावर कस्टम्सच्या खिडकीत अबू हिलाल बसतो.
त्याची कॉफी दोन घोटांची, बिनकानाच्या पेल्यात,
वेलचीची, कडूजहर.
पहिल्या भेटीत मी अकरा प्यालो.
नको म्हणालो, ओतली.
शुक्रन म्हणालो, ओतली.
शेवटी शेजारच्या एजंटाने माझं मनगट धरलं, हलवलं:
असा. नुसता हलवायचा. म्हणजे पुरे.
आमच्याकडे ताटावर आडवं पडलं
तरी वाढणारीला ऐकू येत नाही.

सूकमध्ये सुटा मिळाला एक, कडेला टवका उडालेला,
शंभर बैशांना.
तांदळाला मी तोच धरला.
फिंजानभर तांदूळ, अर्धा फिंजान तुरीची डाळ, हिंग.
नेमकी एक मूद होते.
पहिल्यांदा झाली तेव्हा
वाटी पालथी घालून टकटक केलं, उचलली,
आणि एकट्या घरात
उगाच इकडंतिकडं पाहिलं.

एकट्याचं सगळं अर्ध्यावर अडतं.
अर्धा नारळ, अर्धा कांदा,
कोबीचा अर्धा गड्डा, जो दार उघडलं की
भाडं थकलेल्या भाडेकरूसारखा तोंड फिरवतो.
नारळ आता मी खवून बर्फाच्या साच्यात घालतो:
एक खडा, एक आमटी.
कोथिंबिरीच्या काड्या वाटणात.
सोमवारचं वरण मंगळवारी चकोल्यांत उतरतं.
पाकिटात खुबूस पाच, मी एक,
म्हणून गुरुवारी कुस्करा.
"खुबुसाचा? शी," विनया फोनवर म्हणाली.
मग जरा थांबून,
"शेंगदाणे घातलेस का?"

मासळीबाजारात खमीसला म्हटलं, सुरमई, नुस्स. अर्धी.
तो म्हणाला, अर्धा मासा पोहत नाही, मुहंदिस.
पण कापून दिला.
शेपटीकडची बाजू त्याने ठेवली,
माझ्याकडे बघून बदलली.

एक मात्र ठरवलंय,
एकट्यापुरतं म्हणून फोडणी कच्ची ठेवायची नाही.
मोहरी तडतडेपर्यंत उभं राहायचं.
ती माणसं मोजत नाही.

परवाच्या शुक्रवारी ताट वाढून घेतलं होतं,
मीठ, लिंबाची फोड, दोन तुकड्या,
मूद तर अशी की मोडवेना.
दारावर मोफिजुल, आमचा हारिस,
टाकीतलं पाणी किती वाजता सोडू विचारायला.
जेवलास का, विचारलं.
हो म्हणाला.
पण ते हो त्याने माझ्याकडे बघून नाही,
ताटाकडे बघून म्हटलं.

घरात दुसरा भात नव्हता.
वर्षभर मी याच हिशेबाचा
मनातल्या मनात केवढा मोठेपणा मिरवला होता:
एक शीत वाया नाही.
आणि आता एक शीत जास्त नाही.

मूद मोडली.
कालवण त्याच्याकडे अंमळ जास्त सांडलं, माझ्या हातून,
मी सांडू दिलं.
तो बरिसालच्या नदीतल्या माशाबद्दल बोलत होता,
काटे किती, चव किती.
मग आम्ही दोघं अर्धपोटी,
अबू हिलालने दिलेल्या खजुरांवर आलो,
आणि बिया बशीत वाजू लागल्या.

तो गेल्यावर भांडी घासली.
फिंजान धुऊन हलवला.
पाणी झटकत होतो, दुसरं काही नाही.
रविवारी सूककडे काम आहे,
कडेला टवका उडालेला आणखी एखादा
मिळतो का बघीन.